सोन्यातली बकुळ

कालिदासाच्या शाकुंतलातील चौथा अंक मराठी वाचकाला अपरिचित नाही. दुर्वासांचा शाप होऊन गेला आहे, कण्व ऋषी प्रवासाहून परतले आहेत आणि शकुंतलेची सासरी पाठवणी करण्याची घाई आश्रमात उडाली आहे. या घाईत अनसूया प्रियंवदेला एक गोष्ट सांगते. आंब्याच्या फांदीला तिने नारळाच्या करवंटीची एक डबी टांगून ठेवली आहे आणि तिच्यात फुलांची एक माळ आहे. मूळ शब्द ‘केसरमालिका’ असा असून केसर म्हणजे बकुळ. ही माळ तिने याच दिवसासाठी राखून ठेवली होती. इतर फुले दुसऱ्या दिवशी कोमेजतात. बकुळ सुकली तरी तिचा वास जात नाही आणि आकारही बराचसा राहतो.

पुढे थोड्याच वेळात ऋषिकुमार दागिने घेऊन येतात. कण्वांनी त्यांना झाडांची फुले आणावयास पाठविलेले असते. पण एका वृक्षाने शुभ्र रेशमी वस्त्र दिले, दुसऱ्याने पायांना लावावयास लाक्षारस दिला, आणि इतर वृक्षांतून वनदेवतांचे हात मनगटापर्यंत बाहेर येऊन त्यांनी अलंकार दिले, असे ते सांगतात. आश्रमातल्या त्या दोघी मैत्रिणींनी असे दागिने कधी वापरलेले नसतात. चित्रे पाहून जी माहिती झाली आहे तिच्या आधारे त्या शकुंतलेला सजवितात.

रसिकांनी या प्रसंगाकडे काव्य म्हणून पाहिले आणि ते योग्यच झाले. अलंकारांच्या इतिहासाच्या दृष्टीनेही त्याचे मोल कमी नाही. करवंटीतली बकुळ आणि झाडाने दिलेले सोने ही दोन्ही एकाच मुलीच्या अंगावर, एकाच सकाळी येतात. भारतीय सोनाराने शतकानुशतके जे केले ते याहून फारसे वेगळे नाही. आधी फूल, पान, बी ही अंगावर आली. मग त्यांची धातूतली प्रतिकृती आली. आणि प्रतिकृती घडविणाऱ्याने झाडाचे नाव सोडले नाही. ते नाव कसे टिकले आणि ज्या हातांमुळे टिकले त्या हातांवर पुढे कोणते प्रसंग आले, हा या इतिहासाचा महत्त्वाचा भाग होय.

झाडाला दागिने लागतात ही कल्पना कालिदासाहूनही जुनी आहे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत नावाचे गाव आहे. तेथील स्तूपाचे अवशेष १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या दृष्टीस पडले, आणि त्याचे दगडी कठडे पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आणून उभे करण्यात आले. ते आज तेथे पाहावयास मिळतात. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले हे काम. कठड्याच्या माथ्यावरील दगडांवर एक वेल नागमोडी वळणे घेत गेली आहे, आणि तिच्या प्रत्येक वळणात काही ना काही फुटले आहे: कोठे फळ, कोठे कमळ, कोठे कानांतली भूषणे, कोठे पदकाचा हार, कोठे पैंजण. शिल्पकाराने फळ आणि हार यांत भेद केलेला नाही. दोन्ही एकाच देठाला लोंबत आहेत. पंडित तिला कल्पलता म्हणतात. मागाल ते देणारी वेल, असा तिचा अर्थ. पण ती देते त्यांतल्या कितीतरी वस्तू अंगावर घालावयाच्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कानांच्या दागिन्यांत हा प्रवास विशेष स्पष्ट दिसतो. ताडाचे हिरवे पान गुंडाळून कानाच्या पाळीतील मोठ्या छिद्रात बसविण्याची चाल दक्षिणेत फार प्राचीन. पान उलगडू पाहते, त्याच्या ताणाने छिद्र मोठे होत जाते आणि गुंडाळी आपोआप घट्ट बसते. दुसरी कळ किंवा फिरकी लागत नाही. अमरकोशात कर्णभूषणांच्या नावांत ‘तालपत्र’ हा शब्द आला आहे. म्हणजे कोशकाराच्या काळी ताडाचे पान हे दागिन्याचे नाव होऊन बसले होते. तमिळ भाषेत तर ‘ओलै’ या एकाच शब्दाचे तीन अर्थ आजही दिले जातात: ताडाचे पान, त्या पानावर लिहिलेले पत्र आणि कानातला दागिना. पुढे पानाच्या जागी सोन्याची गुंडाळी आली, तिला नक्षी आली, खडे आले. नाव मात्र पानाचेच राहिले.

सोन्याचे काम या दिशेने किती लवकर आणि किती दूर गेले होते याचा एक पुरावा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आंध्र प्रदेशातली मानली जाणारी ही कर्णभूषणांची जोडी सुमारे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. तिचा घाट वेलीच्या फुटव्याचा आहे. मध्यभागी दुहेरी देठ, त्यातून दोन बाजूंना फुगत गेलेल्या चौकोनी कळ्या, आणि त्या कळ्यांवर एकीकडे पंख असलेला सिंह व दुसरीकडे हत्ती. पृष्ठभागावर सोन्याचे अगदी बारीक रवे चिकटविलेले आहेत. एवढी जड आणि गुंतागुंतीची वस्तू घडविताना कारागिराला आधारासाठी जी मूळ आकृती सुचली ती कळीची होती. सिंह आणि हत्ती हे त्या कळीवर बसलेले पाहुणे.

धातूची प्रतिकृती आली म्हणून मूळ वनस्पती अंगावरून गेली असे झाले नाही. वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ ही लाकडाच्या मण्यांचीच असावी लागते. ती सोन्याची करून भागत नाही. बंगालमध्ये पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला नावाच्या झुडपाचा पांढरा, हलका गर कोरून दुर्गेचे अलंकार व वराचा टोप करतात. नागा लोकांच्या भूषणांत आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, पिवळ्या खोडाच्या पट्ट्या आणि एका गवताचे टणक, चकचकीत दाणे आजही दिसतात. तेव्हा आधी पान आणि नंतर सोने हा जो क्रम सांगितला तो पायऱ्यांचा समजू नये. दोन्ही शेजारी शेजारी नांदत आली आहेत, आणि बहुधा म्हणूनच सोनाराला नमुन्यासाठी दूर जावे लागले नाही.

आता महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या घरातली दागिन्यांची यादी ऐकावी. बोरमाळ, जवाची माळ, जोंधळी पोत, तांदळी पोत, पोहेहार, बकुळहार, लवंगा, कर्णफूल, वेल, कोयरी, आणि अंबाड्यात खोवावयाचे केवड्याचे पान. यांतली निम्मी नावे स्वयंपाकघरातल्या डब्यांवरून उचलल्यासारखी आहेत. दरबारी कवी अलंकारासाठी कमळ, पारिजात, मंदार यांची नावे घेतो. मराठी सोनाराने आणि त्याच्या गिऱ्हाईक बायकांनी जोंधळा, जव, तांदूळ आणि पोहे यांना गळ्यात स्थान दिले. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला दाण्याची जी किंमत वाटते ती येथे सोन्यात उतरली आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरून एवढेच म्हणावे की, ज्या बाईने ज्वारी निवडण्यात आयुष्य घालविले तिला जोंधळी मण्याचा घाट बरोबर साधला आहे की नाही हे दुसऱ्या कोणी सांगावे लागत नव्हते.

कोल्हापुरी साजाची गोष्ट याहून गमतीची. साजात मासा आहे, कासव आहे, शंख आहे, चंद्र आहे, नाग आहे. त्या प्रत्येक पदकाला घडविणारे आणि घालणारे दोघेही ‘पान’ म्हणतात. साजाची पाने एकवीस, असे सांगण्याची पद्धत आहे. कासवाचे पान आणि माशाचे पान असे शब्द नवख्या माणसाला विचित्र वाटतील. पण माळेला जे लटकते ते पान, ही वेलीकडून आलेली समजूत भाषेने सोडलेली नाही. दोन पानांच्या मध्ये जे मणी ओवतात त्यांना जवमणी म्हणतात. म्हणजे पानांच्या मध्ये पुन्हा धान्यच.

ही नावे केवळ लाडाची नव्हेत. त्यांच्यामागे कामाची रीत आहे, आणि ती बोरमाळेच्या एका मण्यावरून समजते. सोन्याचा पातळ पत्रा ठोकून आणखी पातळ करतात. गोल खळगे असलेल्या काशाच्या ठोकळ्यावर तो ठेवून वरून दांड्याने ठोकले की त्याची अर्धी वाटी होते. अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून, टाकणखार लावून, दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने फुंकून झाळतात. मणी आतून पोकळ राहतो. इतक्या पातळ पत्र्याचा पोकळ मणी बोटांत धरला तरी चेपेल, म्हणून त्यात लाख भरतात. लाख भरलेला मणी टणक होतो, हलका राहतो आणि थोड्या सोन्यात मोठा दिसतो. गरिबाघरच्या मुलीलाही गळाभर दागिना मिळावा याची ही युक्ती होय. मोठ्या मोत्याइतका दाणा, आणि सोने मात्र बेताचे.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. लाख हा किड्याने झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर तयार केलेला पदार्थ. भारतात हे किडे मुख्यतः पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर पोसतात. तेव्हा सोन्याच्या बोरात भरलेली लाख प्रत्यक्ष बोरीवरची असण्याचा पुष्कळ संभव असतो. सोनाराच्या मनात हे नसेलही.

दागिना झाडाचा, भरण झाडाची, आणि तोलण्याचे मापही झाडाचेच. गुंजेच्या वेलीला काळ्या ठिपक्याची लाल बी येते. वाळलेल्या बिया वजनाला पुष्कळशा सारख्या असतात आणि सहसा किडत नाहीत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा, हे कोष्टक एके काळी मराठी शाळांत पाठ करून घेत. तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा धरला तर गुंज १२० मिलिग्रॅमच्या आसपास येते. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि गुंज तराजूतून उतरली. आज बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम असे सर्रास समजतात. गुंज मात्र ‘गुंजभर सोने’ या शब्दांत तेवढी राहिली.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तरी हीच नावांची बाग दिसते. तमिळनाडूत आंब्याच्या आकाराची पाने असलेली मांगामालै, केरळात जाईच्या कळ्यांची मुल्लमोट्टू माला, उत्तरेत चाफ्याच्या कळ्यांची चंपाकली. ओरिसातील कटकची तारकशी ही चांदीच्या तारेची कला. चांदीची तार लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून केसासारखी बारीक करतात, दोन तारांना पीळ देतात आणि पानाची कड आधी जाड तारेने आखून आतल्या शिरा त्या पिळाने भरतात. पानाचा सांगाडा जसा दिसतो, नेमके तसेच हे काम दिसते. २०२४ मध्ये या कलेला भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. बंगालीत उलटाही व्यवहार झाला आहे. झुमका हा कानातला दागिना; पण ज्या फुलाला मराठीत कृष्णकमळ म्हणतात त्याच्या वेलीला बंगालीत झुमकोलता हे नाव पडले. दागिन्याने वनस्पतीचे कर्ज थोडे फेडले म्हणावयाचे.

या परंपरेत एक निराळा प्रवाह मोगल दरबारातून आला. १६२० च्या वसंतात बादशहा जहांगीर काश्मीरमध्ये होता. तेथील फुले पाहून तो वेडावला, आणि मन्सूर या आपल्या चितारीकडून त्याने शंभरावर फुलांची चित्रे काढवून घेतल्याचे त्याच्या आत्मचरित्रात नमूद आहे. युरोपातून येणाऱ्या वनस्पतिग्रंथांतील चित्रेही त्या सुमारास दरबारात पोचली होती. पुढे शाहजहानच्या काळात जमिनीतून उगवलेले, देठ व पाने यांसह एकेकटे उभे असलेले फूल ही राजमान्य नक्षी बनली. ताजमहालाच्या दगडांत ती आहे, गालिच्यांत आहे आणि दागिन्यांच्या मीनाकामातही आहे. आपल्याकडचे जवमणी किंवा बोरमणी हे आठवणीतून घडविलेले आकार. हे मोगल फूल समोर ठेवून पाहिलेले. दोन्हींत श्रेष्ठ कोण हा वाद व्यर्थ असला, तरी जोंधळी मण्यात जो आटोपशीरपणा आहे तो दरबारी फुलात क्वचितच सापडतो.

जयपुरी मीनाकामाचा एक विशेष मात्र कौतुक करावा असा आहे. पुढील बाजूला कुंदनात बसविलेले हिरे-माणके असतात आणि फुलांची तांबडी-हिरवी वेल असते ती मागच्या बाजूला, जी अंगाला टेकते. बघणाऱ्याला ती दिसत नाही. दागिना काढून ठेवताना घालणारीला तेवढी दिसते.

एकोणिसाव्या शतकात या कामाकडे परके डोळे वळले. त्यांतले एक जाणते डोळे जॉर्ज बर्डवूड यांचे होते. बेळगावात १८३२ मध्ये जन्मलेला हा डॉक्टर मुंबईस नोकरीला होता. मुंबई इलाख्यातील वनस्पतिजन्य पदार्थांची सूची त्याने तयार केली आणि पुढे १८८० मध्ये भारतीय हस्तोद्योगांवरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. झाडे ओळखणाऱ्या माणसाने दागिन्यांवरही लिहावे, हा योग विरळा. त्यानंतर दोन्ही विषय जाणणारी माणसे कमीच झाली, आणि आपल्या वस्तुसंग्रहालयांतल्या पाट्यांवर बहुधा ‘फुलांची नक्षी’ एवढ्यावरच काम भागविलेले असते. कोणते फूल, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

यानंतरचा अध्याय दुःखाचा आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. परकीय चलनाची गंगाजळी आटत आली होती आणि चोरट्या मार्गाने सोने देशात येत होते. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने भारत संरक्षण नियमांखाली सुवर्णनियंत्रण जारी झाले. चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडविण्यास मनाई झाली. उद्देश असा की, कमी कसाच्या दागिन्याचा लोकांना मोह राहणार नाही, सोन्याची मागणी घटेल आणि चोरटा व्यापार थंडावेल. कागदावर हा विचार तर्काला सोडून नव्हता. देश संकटात होता आणि सरकारला काहीतरी करणे भाग होते.

परंतु सोन्याचा कस हा हिशेबाचा आकडा असतो तसा तो हाताचाही प्रश्न असतो. बावीस कॅरेटमध्ये शंभर भागांत सुमारे ब्याण्णव भाग सोने असते. चौदा कॅरेटमध्ये ते अठ्ठावन्नाच्या आसपास येते आणि बाकी तांबे, चांदी वगैरे. मिश्रण वाढले की धातू कडक होतो. शुद्ध सोने ठोकत जावे तसे पसरते, बोटाच्या दाबाने वळते. कडक सोने ठोकता ठोकता चिरते आणि पुन्हा पुन्हा तापवून नरम करावे लागते, तापविले की काळवंडते. बोरमण्याची पातळ वाटी, जवमण्याची निमुळती टोके, बकुळीची दातेरी पाकळी हे सगळे मऊ सोन्यावर विसंबून असलेले काम. कुंदनाला तर जवळजवळ निखळ सोन्याचा वर्ख लागतो. तो खड्याभोवती नुसत्या दाबाने बसवावयाचा असतो. चौदा कॅरेटचा दागिना यंत्राच्या ठशाखाली उत्तम निघतो, हे युरोप-अमेरिकेने दाखविलेलेच आहे. पण आपल्या सोनाराजवळ यंत्र नव्हते. त्याच्याजवळ ऐरण, फुंकणी आणि वडिलांनी शिकविलेले मऊ सोने होते.

गिऱ्हाईकही चौदा कॅरेटकडे फिरकेना. मुलीच्या लग्नात घातलेले सोने अडीअडचणीला मोडता आले पाहिजे, हा तिचा हिशेब. तो कायद्याने बदलत नाही. गावोगावचे सोनार बेकार झाले. काहींनी मिळेल ते काम धरले, मोर्चे निघाले, आणि काहींनी जीव दिला. सोनारांसाठी दुसऱ्या धंद्याच्या, कर्जाच्या योजना निघाल्या. पण पन्नाशीच्या माणसाने रवा चिकटविण्याचा हात सोडून दुसरे काय शिकावयाचे? १९६६ मध्ये चौदा कॅरेटचे बंधन उठले. १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला, त्याखाली परवाने, नोंदवह्या, तपासण्या आल्या, आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द करण्यात आला. कसाची बंदी टिकली ती चार वर्षांहून कमी. पण ज्या घरांतल्या मुलांनी त्या वर्षांत बापाला हात बांधून बसलेले पाहिले, त्यांतली पुष्कळशी पुन्हा शेगडीपुढे बसली नाहीत. कायदा मागे घेता येतो. मध्ये गेलेली उमेदवारीची वर्षे परत देता येत नाहीत. अंमलबजावणी करणाऱ्या खात्यांच्या वहीत परवान्यांची संख्या राहिली असेल, त्या वर्षांत न शिकलेल्या हातांची नोंद कोठे होणार?

त्याच सुमारास हस्तोद्योगांना उभारी देण्याचेही प्रयत्न सरकारच करीत होते. १९५२ मध्ये अखिल भारतीय हस्तोद्योग मंडळ स्थापन झाले आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याच्या द्वारे देशभरच्या कारागिरांना बाजार मिळवून देण्याचे मोठे काम केले. एका हाताने जे जपावयाचे त्याला दुसऱ्या हाताचा धक्का लागावा, ही राज्यकारभारात नवलाची गोष्ट नाही. म्हणून ती क्षम्य ठरते असेही नाही.

रिकाम्या झालेल्या जागा पुढे भरल्या, पण वेगळ्या माणसांनी. मुंबईच्या झवेरी बाजारातील आणि महाराष्ट्रातल्या इतर शहरांतील पेढ्यांमागच्या कारखान्यांत आज हाताचे बारीक काम करणारे पुष्कळ कारागीर बंगालचे, विशेषतः मेदिनीपूर व हुगळी या भागांतले आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी परतले तेव्हा हा व्यवसाय त्यांच्यावर किती विसंबून आहे हे सर्वांच्या ध्यानात आले. याच्या उलट सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतले मराठी लोक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरले आहेत. केरळपासून पंजाबपर्यंत सराफकट्ट्याच्या एखाद्या बोळात मराठी बोलणे कानी पडले तर ते बहुधा या गलाईवाल्यांचे असते. एका प्रांताचे हात दुसऱ्या प्रांताचे दागिने घडवितात, आणि तिसऱ्या प्रांतात मोडीचे सोने मराठी माणूस वितळवून शुद्ध करतो. मोडीत आलेल्या मालैंत आणि माळांत त्याने कितीतरी कळ्या, आंबे आणि जोंधळे मुशीत टाकले असतील.

२०२१ च्या जूनपासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती हिताची. या वेळी नियम करणाऱ्यांनी कुंदन, पोलकी आणि जडावाचे काम, तसेच दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तू सक्तीतून वगळल्या. हाताच्या कामाची जात निराळी असते ही जाण १९६३ च्या नियमांत दिसली नव्हती. ती येथे थोडीबहुत दिसते.

आजच्या हस्तघडणीच्या दागिन्यांत झाडे पुन्हा पुष्कळ दिसू लागली आहेत. शहरांतले नवे कारागीर, त्यांत कलाशाळांतून शिकलेल्या मुली अनेक, चांदीत नेच्याची पाने, शेवग्याच्या शेंगा, गुलमोहराच्या पाकळ्या घडवितात. काही जण प्रत्यक्ष पान घेऊन त्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवितात, तेव्हा पानाची एकूण एक शीर उमटते. ते पाहून आश्चर्य वाटते. तथापि अशा पानात कारागिराने काय पाहिले हे कळत नाही. जे काही आहे ते पानाचेच. जोंधळी मणी घडविणाऱ्याने दाण्यातले काय ठेवावयाचे आणि काय सोडावयाचे याचा निर्णय केलेला असतो. नव्या कारागिरांतही असे निर्णय करणारे आहेत, आणि त्यांचे काम चटकन ओळखू येते.

पेढ्यांवर मिळणारी बोरमाळ आता बहुतेक ठशाची किंवा साच्याची असते. बकुळहार मात्र अजून अनेक ठिकाणी हाताने गुंफला जातो, कारण त्यातली शेकडो बारीक फुले एकमेकांत अडकवून हार मऊ ठेवणे हे यंत्राला परवडत नाही. खऱ्या बकुळीचे फूल झाडावरून गळताना मध्ये भोक घेऊनच पडते. पहाटे झाडाखाली वेचलेली फुले दोऱ्यात नुसती ओवीत जावयाची. सोन्याच्या फुलालाही मध्ये तसेच भोक असते. महाराष्ट्रातल्या एखाद्या कारखान्यात मालक बंगालहून आलेल्या मुलापुढे जुन्या हाराचा नमुना ठेवतो आणि ‘बकुळ’ एवढेच म्हणतो. कोकणात आणि गोव्यात तिला ओवळी म्हणतात, तो शब्द त्या मुलाला कळला नसता. ‘बकुळ’ समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या भाषेत तिचे नाव बकुलच आहे, आणि तिच्या खाली पडलेल्या फुलांच्या माळा लहानपणी त्यानेही सुईवाचून ओवलेल्या असतात.